दात काढून टाकण्यापूर्वी

‘दुखतोय ना, मग काढूनच टाक एकदाचा!’ सांगली-कोल्हापूर परिसरात पंचवीस वर्षे दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितके अन्य कोणतेही ऐकले नसेल. बोलणारी व्यक्ती बहुधा घरातील वडीलधारी असते. तिने स्वतःच्या तीन-चार दाढा याच रीतीने घालवलेल्या असतात आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नसते. वेदना थांबली, पैसे थोडेच गेले, पुन्हा येण्याची कटकट नाही. हिशेब चोख वाटतो. मात्र हा हिशेब दहा वर्षांनी चुकीचा ठरतो, आणि तो चुकल्याचे ज्यांनी मला स्वतःहून सांगितले अशा मोजक्या रुग्णांपैकी आक्का एक.

आक्कांचे वय सहासष्ट. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या, त्यामुळे मला ‘अगं-तुगं’ करणाऱ्या. चातुर्मासात त्या एकाशन करतात, म्हणजे दिवसातून एकदाच जेवतात. गेल्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाल्या, “एकदाच बसते गं पानावर, आणि तेवढंही चावून होत नाही. भाकरी आमटीत भिजवून गिळते. उठते तेव्हा पोट भरलेलं नसतं, नुसतं जड झालेलं असतं.” डाव्या बाजूच्या खालच्या चारही दाढा बारा वर्षांत एकेक करून काढलेल्या. त्यातल्या पहिल्या दोन माझ्या सल्ल्याविरुद्ध, नंतरच्या दोन अन्यत्र. उजव्या बाजूने चावून चावून तिकडच्या दाढा झिजल्या होत्या. त्यांच्या जबड्याचा एक्स-रे मी पाहत होते आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

दात काढण्याइतका का बिघडतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. दाताचे बाहेरचे आवरण शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचे असते. त्याच्या आत मऊसर दंतिन आणि अगदी गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा नाजूक मगज. आवरणाला खड्डा पडला तरी बराच काळ काहीच जाणवत नाही. दंतिनापर्यंत पोचल्यावर गार-गोड झोंबू लागते. मगजापर्यंत पोचल्यावर रात्रीची झोप जाते. या टप्प्यावर आपल्याकडे लवंग दाबली जाते, लवंगेचे तेल भरले जाते. कोणी वेदनाशामक गोळी हिरडीलगत ठेवून तिथली कातडी पोळून घेतो. चार-आठ दिवसांनी दुखणे थांबते, आणि घरचे म्हणतात, ‘लवंगेने गुण आला.’ वस्तुतः आतील मज्जातंतू मेलेला असतो. सांगणाराच गेला म्हणून निरोप येईनासा झाला, एवढाच त्याचा अर्थ. पू मात्र मुळाच्या टोकाशी शांतपणे हाड पोखरीत राहतो.

आक्कांनी मला एकदा विचारलेला प्रश्न इथे सांगण्यासारखा आहे. “तू दाताची कीड काढतेस, तर तो जीव मरतच असेल ना?” त्यांच्या लहानपणी बाजारात येणारे लोक कानात-दातात नळी घालून पांढरी अळी काढून दाखवीत. ती हातचलाखी होती. दाताला किडा पोखरतो ही समजूत जगभर होती. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ती नाकारली. दातात अळी नसते. तोंडात सदैव असणारे जीवाणू साखर आणि पिष्टमय अन्नकण आंबवितात, त्याचे आम्ल होते आणि त्या आम्लाने दात विरघळतो. जीवाणूंच्या हिंसेचा सूक्ष्म विचार मी जाणकारांवर सोपवते. पण तोंड स्वच्छ ठेवले तर औषधे मारून मोठ्या प्रमाणावर तो प्रसंग ओढवून घ्यावा लागत नाही, एवढे माझे उत्तर आक्कांना पटले. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे हे खरे. मात्र दिवसातून एकदाच, उभ्याने, हातातच आहार घेणाऱ्या मुनींचे ते व्रत दोन वेळचा नाश्ता आणि चार वेळचा चहा घेणाऱ्या गृहस्थाने आपल्या आळसाच्या समर्थनार्थ वापरू नये.

खड्डा लहान असताना तो भरून घेणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. पूर्वी पाऱ्याच्या मिश्रणाची ‘चांदी’ भरली जाई आणि ती बसावी म्हणून निरोगी दातही कोरावा लागे. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर या संशोधकाने दाताच्या आवरणावर आम्ल लावून ते खरखरीत केल्यास राळेसारखा पदार्थ त्याला घट्ट चिकटतो हे दाखविले. आजचे दाताच्याच रंगाचे भरण त्या शोधाचे अपत्य आहे. त्यामुळे आता बिघडलेला भागच काढावा लागतो. चांगला दात राखता येतो.

मगजापर्यंत बिघाड गेला की रूट कॅनल. या शब्दाची आपल्याकडे विनाकारण धास्ती आहे. जागा बधिर करून दाताच्या मुळांतील पोकळ्या बारीक सुयांनी साफ करायच्या, धुवायच्या आणि गट्टा-पर्चा नावाच्या पदार्थाने सीलबंद करायच्या, एवढेच हे काम आहे. गट्टा-पर्चा हा मलाया द्वीपसमूहातील एका वृक्षाचा चीक आहे, हे सांगितले की आमच्या रुग्णांना विशेष बरे वाटते. खरी अडचण उपचारात नसून नंतर असते. दुखणे थांबते आणि रुग्ण येईनासा होतो. ‘कॅप नंतर बसवू, लग्नसराई आटोपू दे.’ रूट कॅनल केलेली दाढ आतून कोरली गेल्याने कमकुवत झालेली असते. तिच्यावर टोपी बसली नाही तर चावताना ती उभी चिरते. जयसिंगपूरच्या भडंगातील एका न फुललेल्या दाण्याने अशी दाढ मुळापर्यंत दुभंगलेली मी पाहिली आहे. उभी चिरलेली दाढ बहुधा वाचत नाही. म्हणजे रूट कॅनलचे पैसेही गेले आणि दाढही. टोपी निव्वळ धातूची घ्या, धातूवर पोर्सेलीनची घ्या किंवा झिर्कोनियाची घ्या. मागच्या दाढेसाठी रंगाची चर्चा महिनाभर करण्यापेक्षा पंधरा दिवसांत ती बसवून घेणे महत्त्वाचे.

आता आक्कांच्या काढलेल्या दाढांकडे वळू. दाढ गेल्यावर तिथे केवळ रिकामी जागा उरते असा समज आहे. पण शेजारचा दात त्या जागेत कलतो. समोरच्या जबड्यातील दाढ, टेकायला काही न उरल्याने, हळूहळू बाहेर सरकते. आणि ज्या हाडात दाढ रोवलेली होती ते हाड झिजू लागते. दाताच्या मुळावाटे येणारा चावण्याचा दाब हेच त्या हाडाचे खाद्य असते. पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटू शकते. सगळे दात गेलेल्या वृद्धांचे गाल बसतात, हनुवटी पुढे येते, नवी कवळी दोन वर्षांत हलू लागते, यामागे हेच कारण. खालचा जबडा वरच्यापेक्षा कितीतरी वेगाने झिजतो, म्हणून तक्रार नेहमी खालच्या कवळीची असते.

आक्कांना ब्रिज बसविता येण्यासारखा नव्हता. ब्रिज म्हणजे पूलच; त्याला दोन्ही टोकांना खांब हवेत, आणि मागचा खांब बारा वर्षांत नाहीसा झाला होता. काढता-घालता येणारी अर्धी कवळी हा एक मार्ग होता. तो स्वस्त आणि निरुपद्रवी, परंतु तिने भाकरी चावण्याचे बळ थोडेच मिळते. दुसरा मार्ग दंतरोपणाचा. हाडात टायटॅनियमचे मूळ बसवायचे आणि त्यावर दाढ उभी करायची.

या रोपणाची कथा विलक्षण आहे. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. १९५२ साली त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी नळी बसविली आणि प्रयोग संपल्यावर ती निघेचना. हाड धातूला जणू आपलेसे करून बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या मानवी रुग्णाच्या जबड्यात अशी मुळे रोवली. ती चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. हे ज्ञान एका मुक्या प्राण्याच्या पायातून आले, ही गोष्ट आपल्या मासिकात लपवून सांगण्यात अर्थ नाही. आक्कांनाही मी ती सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.

झाले असे होते की हाड इतके झिजले होते की मूळ रोवायला पुरेशी रुंदी नव्हती. “तिथे हाडाची पूड घालून भर करावी लागेल,” असे मी म्हणाले. आक्का म्हणाल्या, “हाडाची? कुणाच्या हाडाची?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला, आणि मीही न विचारता सांगितले नव्हते, हे कबूल करते. दंतवैद्यकात सर्वाधिक वापरात असलेली आणि सर्वाधिक अभ्यासलेली पूड गाईच्या हाडापासून प्रक्रिया करून बनते. त्यावर झाकण म्हणून जो पातळ पडदा घालतात तो बहुधा कोलॅजनचा असतो. ते कोलॅजन गाय, डुक्कर किंवा माशापासून येते. संमतीपत्रावर रुग्ण सही करतो, पण त्यात ‘ग्राफ्ट’ एवढाच शब्द असतो. आयुष्यभर कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या माणसाच्या जबड्यात त्याला न सांगता हे घातले जाणे मला आता अक्षम्य वाटते.

पर्याय आहेत. रुग्णाच्या स्वतःच्याच जबड्याच्या मागील भागातून खरवडून घेतलेले हाड सर्वांत उत्तम, मात्र ते थोडेच मिळते आणि आणखी एक जखम होते. दुसरा पर्याय कारखान्यात रसायनांपासून बनविलेली पूड: ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कृत्रिम हायड्रॉक्सीअॅपेटाइट, बायोअॅक्टिव्ह ग्लास. इथे एक खुबी ध्यानात ठेवावी. हायड्रॉक्सीअॅपेटाइट हे नाव ऐकून समाधान मानू नये. तो पदार्थ गाईच्या हाडातूनही काढला जातो. वेष्टनावर ‘सिंथेटिक’ लिहिले आहे का, ते डॉक्टरांना दाखवायला सांगावे. काही कृत्रिम पुडी शरीरात लवकर विरघळतात आणि भर अपेक्षेहून कमी होते, हेही मी आक्कांना सांगितले. पडद्याच्या ऐवजी रुग्णाच्याच दंडातून थोडे रक्त काढून ते यंत्रात फिरवून मिळणारी फायब्रिनची साय वापरता येते.

प्रश्न एकदा सुरू झाला की तो पुडीपाशी थांबत नाही. आपल्याकडे दात काढल्यावर टाके सर्रास काळ्या रेशमी धाग्याने घालतात. रेशीम कसे मिळते ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. नायलॉनचा किंवा आपोआप विरघळणारा कृत्रिम धागा सर्वत्र मिळतो. आधी सांगितले तर कोणताही डॉक्टर तो वापरील. रक्त थांबविण्यासाठी खड्ड्यात ठेवायचा स्पंज जिलेटिनचा असू शकतो, त्याऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोजची जाळी मागता येते. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. बहुतेक औषधे गोळीच्या रूपात उपलब्ध आहेत. दाताचे माप घेण्याचा अल्जिनेट हा पदार्थ समुद्री शेवाळापासून बनतो, त्याबद्दल शंका नको. हे सर्व उपचाराच्या आदल्या भेटीत विचारावे. तोंड उघडे, जबडा बधिर आणि डॉक्टरांच्या हातात सुई असताना विचारलेल्या प्रश्नाला कोणालाच नीट उत्तर देता येत नाही.

आक्कांच्या जबड्यात स्वतःचे थोडे हाड आणि कृत्रिम पूड मिसळून भर केली. सहा महिने थांबलो. मग दोन मुळे रोवली. पुढचे पक्के बसले. मागचे तिसऱ्या महिन्यात हलू लागले आणि मला ते काढावे लागले. गाईच्या हाडाची पूड वापरली असती तर ते टिकले असते का? असते किंवा नसतेही. मूळ न धरण्याला अनेक कारणे असतात. आक्कांना मी हेच सांगितले. त्या म्हणाल्या, “ते मला रात्री टोचलं नसतं असं नाही. हे टोचत नाही.” भरलेली जागा भरून येण्यासाठी आम्ही आणखी चार महिने दिले आणि दुसरे मूळ पुन्हा रोवले. पुढच्या मुळावर दाढ बसली आहे. भाकरीचा पापुद्रा त्या बाजूने चावता येतो; ज्वारीची कडक भाकरी अजून नाही.

व्रते पाळणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. दात काढणे किंवा रोपण उपवासाच्या दिवशी ठेवू नये; जागा बधिर करून केलेले काम जेवून आल्यावरच सुखाचे होते, आणि मधुमेही रुग्णाने तर याबाबत अजिबात धाडस करू नये. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आधीच सांगावे, म्हणजे दिवसातून एकदा किंवा दोनदाच घ्यायचे औषध निवडता येते. संध्याकाळच्या जेवणानंतर, सूर्यास्तापूर्वी, ब्रश केलाच पाहिजे. रात्रभर तोंडात पाणी जाणार नाही आणि झोपेत लाळही कमी सुटते, त्यामुळे दातांत अडकलेला कण सकाळपर्यंत निर्वेध काम करीत राहतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून ज्या आजी-मावशा आठवड्याची किंवा महिन्याची गोळी, अथवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेतात, त्यांनी दात काढण्याआधी ते आवर्जून सांगावे. त्यांतील काही औषधांमुळे जबड्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगी दवाखान्यांहून पुष्कळ कमी खर्चात होतात. वेळ अधिक लागतो, चकरा पडतात. पण काम वरिष्ठ अध्यापकांच्या देखरेखीखाली होते.

दात रोवलेले असतात तो जबडाच नीट उघडत नसेल, तर वरील सारी विद्या व्यर्थ जाते. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. जो हलतो तो जबड्याचा सांधा. त्यात कट्कन आवाज येतो म्हणून अनेक जण घाबरून येतात. वेदना नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर नुसत्या आवाजावर बहुधा उपचार लागत नाही. दुखत असेल तर काही दिवस मऊ अन्न, शेक, ताण कमी करणे, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी रात्री घालायची पारदर्शक पट्टी यांनी बहुतेकांचे भागते. शस्त्रक्रियेपर्यंत जाणारे थोडे. मात्र लहान मूल हनुवटीवर आपटले आणि पुढे त्याचे तोंड कमी कमी उघडू लागले, तर एक दिवसही थांबू नये. सांधा जुळून बसण्याचा तो आरंभ असू शकतो.

परंतु आमच्या भागात बंद होत जाणाऱ्या जबड्यांचे मुख्य कारण सांध्यात नसते, गालात असते. आक्कांना दवाखान्यात आणणारा त्यांचा नातू सत्तावीस वर्षांचा आहे. बाजार समितीत अडत दुकान, दिवसभर बोलणे. एकदा तो सहज म्हणाला, “डॉक्टर, माझी पण एक दाढ बघा, गार लागतं.” मी तोंड उघडायला सांगितले. स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांत जावीत इतके तोंड उघडावे. त्याची दोन बोटे जेमतेम जात होती. गाल आतून पांढुरके, हाताला दोरीसारखे ताठ. वर्षभर तिखट सोसत नाही म्हणून त्याने झणझणीत खाणे सोडले होते. घरच्यांना वाटले, संयम आला.

“मी गुटखा खात नाही,” तो लगेच म्हणाला. “नुसती सुपारी.”

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली आणि लोकांच्या मनात सगळा दोष तंबाखूच्या माथी बसला. या विकाराची जड सुपारीतच आहे. तिच्यातील द्रव्यांमुळे गालाच्या आवरणाखाली तंतूंचे जाळे साचत जाते आणि गालाची लवचीकता जाते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या विकाराचे वर्णन केले होते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक ठरविली. तंबाखू, मद्य यांपासून कटाक्षाने दूर राहणाऱ्या आपल्या घरांत जेवणानंतरच्या डब्यात मात्र गोड सुपारी असते, आणि ती मुलांच्याही हातावर ठेवली जाते. आपल्या मंगलकार्याचे नावच पानसुपारी!

त्या तरुणाची दाढ वाचण्यासारखी होती. रूट कॅनल आणि टोपी, तीन भेटींचे काम. पण ती शेवटून दुसरी, आणि तिच्यापर्यंत माझे उपकरण पोचत नव्हते. काढायची म्हटली तरी चिमटा आत जाणार नव्हता. साचलेले तंतू पूर्णपणे निघून जात नाहीत; सुपारी सोडणे, गालात इंजेक्शने, व्यायाम आणि फारच आवळले तर शस्त्रक्रिया, यांतून थोडे थोडे तोंड उघडता येते. पुढे आयुष्यभर दर काही महिन्यांनी गाल तपासून घ्यावे लागतात.

व्यायाम साधाच आहे. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या सपाट लाकडी पट्ट्यांची चळत मागच्या दातांत धरायची आणि सोसेल तशी मध्ये एकेक पट्टी सरकवायची, दिवसातून पाच-सहा वेळा. आक्का समोर बसून मोजतात. सुपारीचा डबा त्यांनीच कपाटातून काढून टाकला, बडीशेप भरून परत ठेवला. सुरुवातीला चौदा पट्ट्या जात होत्या. गेल्या भेटीत सोळा झाल्या. दाढेपर्यंत पोचायला मला आणखी सहा-सात हव्या आहेत, आणि तोवर ती दाढ तात्पुरत्या औषधावर ठेवली आहे.